डॉक्टरांच्या मांडीवरचं पाडस

शेळीचं दूध उतू जाऊन करपलं, की त्या उग्र वासाबरोबर मला आमचे डॉक्टर आठवतात. नव्वदच्या दशकात आमच्या साखरा गावच्या जनावरांच्या दवाखान्यात ते होते. महिन्यातले चार दिवस रजा टाकून टीव्हीवाल्यांबरोबर माळ धुंडाळायचे आणि रविवारी सकाळी पडद्यावर दिसायचे, कधी खोकडाच्या बिळापाशी, कधी घुबडाच्या ढोलीखाली. शर्ट तोच चुरगळलेला, मेंढरांना लस टोचतानाचा. सारं गाव कौतुकानं बघे. मी चुका शोधत बसे. मेंढरं राखणाऱ्यांच्या घरात वाढलेल्याला संशय सोडून परवडत नाही. झुडूप हललं की लांडगाच, असं आम्ही धरून चालायचं. त्यात मी गावच्या शाळेत शिक्षिका, म्हणजे लाल शाई हाताशीच.

डॉक्टरांची एक शिकवण मात्र मला मनापासून पटली होती. हरणी पाडसाला गवतात दडवून चरायला जाते. ते एकटं दिसलं म्हणून पोरकं समजू नका, हात लावू नका. वर्गात मी हे दरवर्षी सांगायची. आणि एका रविवारी तेच डॉक्टर आमच्याच माळावर, पाडस मांडीवर घेऊन बाटलीनं शेळीचं दूध पाजताना दिसले! "याची आई काही आली नाही," एवढंच म्हणाले, तेही कॅमेऱ्याकडे न बघता. ती चोरटी नजर मी नेमकी टिपली. चार दिवसांत पाडस मेल्याचं कळलं, तेव्हा माझी खात्रीच पटली. चित्रीकरणासाठी यांनीच ते उचललं असणार. दुसऱ्याला शहाणपण शिकवणारा माणूस असा निघाला याचा मला भयंकर राग आला. पाडसाला हात लावू नका म्हणणाऱ्यानंच ते उचललं, असं कार्ड मी टीव्ही केंद्राला लिहिलं. खाली नाव घातलं नाही.

पुढे कार्यक्रमात दुसराच कुणी दिसू लागला. डॉक्टर पहिल्यासारखे दवाखान्यात बसू लागले, आमच्याकडे आले की चहा घ्यायचे. मी त्यांच्याशी धड बोलत नसे. टीव्ही का सोडला, असं कुणी विचारलंच त्यांना, तर म्हणत, "झालं तेवढं पुरे झालं." चोराच्या मनात चांदणं, मी मनात म्हणायची. मग त्यांची औंढ्याला बदली झाली.

दहाएक वर्षांनी, टीव्हीवर हरणं बघताना मी जुनी कुरकुर काढली, तशी माय एकदम म्हणाली, "पुरे कर पोरी. ते पाडस म्या उचललं व्हतं."

मी टीव्ही बंद केला.

"चार दिस डाक्टर उन्हात फिरून राहिले, एक पाडस घावंना. शेरडं चारताना मला दिसलं. पदरात घातलं अन् नेऊन दिलं. त्यायनं डोक्यालाच हात लावला. परत ठेवलं, सांजपर्यंत बसले. हरणी फिरकली न्हाई. फॉरेस्टवाल्यायनं इचारलं, तं म्हणले, मीच आणलं."

"मग मला काहून न्हाई सांगितलंस?"

"सांगणारच व्हते. तुझं कार्ड टीव्हीवाल्यायनं त्यायलाच दाखवलं. अक्षर वळखलं त्यायनं, लशीच्या याद्या तूच लिहून द्यायचीस न्हाई का? मला म्हणले, मावशी, पोरीला बोलू नका. पाडसाला हात लावू नये, हे तिनं लिहिलं ते बराबर हाय."

पुढच्याच रविवारी मी औंढ्याला गेले. निवृत्त होऊन डॉक्टर तिथेच राहिले होते. जीपमध्ये मी माफीची वाक्यं जुळवत होते. त्यांनी मला लगेच ओळखलं, खुर्ची पुढे केली. शेरडं किती, मावशींचे गुडघे कसे, सगळं विचारलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात म्हणाले, "पाडसाचं सांगता ना अजून वर्गात?"

"सांगते."

"सांगत राहा," ते म्हणाले आणि चहा ठेवायला आत गेले.

माफी राहिलीच. पुढच्या पावसाळ्यात ते गेल्याचं कळलं. संशय घ्यायला मला एक रविवार पुरला होता. तो फिटायला दहा वर्षं लागली, आणि त्यापायी एका माणसाचा आवाज टीव्हीवरून कायमचा गेला.