खंडेनवमीला पुजलेला लॅपटॉप

"एकही नेटवर्क दिसत नाही," पाटणकर साहेबांनी माझ्या खांद्यावरून स्क्रीन वाचला. "मॅडम, तुमचं हे लिनक्स फुकट का मिळतं ते आत्ता कळलं."

"साहेब, उद्या दुपारपर्यंत चालू करून देते."

"गुरुवारी ऑडिट आहे."

"आज मंगळवार आहे," मी म्हणाले. तेव्हा माझा स्वभावच तसा होता. समोरचा जितका घाबरलेला, तितकी मी ठाम.

साधारण दोन हजार सहाचं साल. अंबड एमआयडीसीत पाटणकर साहेबांचा कारखाना होता. गाड्यांसाठी लागणारे शाफ्ट तिथे बनायचे. माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीने कळवलं होतं की पुरवठादाराकडे चोरीचं सॉफ्टवेअर असेल तर ऑर्डर विसरा. गुरुवारचं ऑडिट त्यांचंच होतं. पाटणकरांच्या अकराच्या अकरा कॉम्प्युटरवर विंडोज कुठून आलं होतं ते विचारण्यात अर्थ नव्हता. मी त्यांचं नेटवर्क सांभाळायचे. मीच त्यांना लिनक्सवर आणलं होतं. ऑफिसचे सगळे कॉम्प्युटर व्यवस्थित चालत होते. अडलं होतं ते या एका नव्या लॅपटॉपपाशी.

लॅपटॉप सोनवणेंसाठी होता. सोनवणे म्हणजे क्वालिटीचे इन-चार्ज. मूळचे सटाण्याचे, बोलताना मधूनच 'आहे'चं 'शे' करणारे, पन्नाशी ओलांडलेले, उजवा गुडघा पार गेलेला. शाफ्ट हातात घेऊन नुसता अंगठा फिरवला तरी "हा दोन रेघा जाड शे" असं सांगायचे, आणि मायक्रोमीटर लावला की तेवढंच निघायचं. पण मोजलेलं माप कॉम्प्युटरवर चढवायला त्यांना शॉपफ्लोअरच्या त्या टोकापासून ऑफिसपर्यंत चालत जावं लागायचं, दिवसातून वीस-पंचवीस वेळा. वायर टाकून पाहिली होती. मालाच्या ट्रॉलीने ती आठवड्यात दोनदा तोडली. म्हणून वायरलेस. सोनवणे मशीनजवळ स्टुलावर बसणार, मोजणार, तिथेच टाइप करणार आणि माप ऑफिसात दिसणार.

साहेब क्वालिटीच्या केबिनबाहेर गेल्यावर सोनवणे हळूच म्हणाले, "मॅडम, हे नाही चाललं तर मला स्टोअरला टाकणार आहेत. पळापळ करणारा तरणा माणूस घेतो म्हणाले इथे."

"कोण म्हणालं?"

"साहेब. त्यांचं चुकत नाही हो. पण तीस वर्षं माप घेतलं. आता नटबोल्ट मोजून द्यायचे का?"

मला मनापासून वाईट वाटलं. आणि रागही आला, कारण लिनक्स माझं, लॅपटॉपची शिफारस माझी आणि स्टोअरमध्ये जाणार हे.

आता अडचण काय होती ते सांगते. लॅपटॉपच्या पोटात एक वायरलेस कार्ड असतं. ते हवेतून बोलतं. पण ऑपरेटिंग सिस्टिमला कार्डाची भाषा येत नाही, मध्ये दुभाष्या लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. कार्ड बनवणारे तेव्हा विंडोजसाठी ड्रायव्हर द्यायचे आणि लिनक्सवाल्यांना वाऱ्यावर सोडायचे. त्यावर लिनक्सवाल्यांनी एक युक्ती काढली होती. विंडोजचाच ड्रायव्हर उचलायचा आणि एका प्रोग्रॅमच्या मदतीने लिनक्समध्ये चालवायचा. त्या प्रोग्रॅमचं नाव एनडीआयएसरॅपर. नाव उच्चारता येत नसे, पण काम करायचा.

मंगळवारी मी लॅपटॉपच्या सीडीतून विंडोजचा ड्रायव्हर बाहेर काढला आणि बसवला. लिनक्सचा स्वतःचा एक अर्धवट ड्रायव्हर मध्ये लुडबुडत होता, त्याला बंद केलं. मशीन रीस्टार्ट केलं. कार्ड ओळखलं गेलं, यादीत नाव आलं. मी सोनवणेंकडे पाहून हसले. मग आजूबाजूची नेटवर्क शोधायची कमांड दिली. उत्तर: काही नाही. पुन्हा दिली. काही नाही.

ऑफिसातला वायरलेसचा डबा बिघडला असेल म्हणून माझा जुना लॅपटॉप उघडला. त्यावर नेटवर्क ठणठणीत. म्हणजे डबा बरा, गडबड इकडेच.

बुधवारी सकाळी ड्रायव्हरच्या आणखी दोन आवृत्त्या घेऊन आले. पहिली बसवली, तेच. दुसरी बसवली, मशीनच गोठलं, म्हणून मंगळवारच्याच ड्रायव्हरवर परत आले. मग लॅपटॉप उलटा केला, स्क्रू काढले, कार्ड काढून पुन्हा नीट बसवलं. हे करताना मी एक काळजी फार घेतली. लॅपटॉपच्या पुढच्या कडेवर, बरोबर मध्ये, ओल्या कुंकवाचा जाड ठिपका वाळून बसला होता. वर हळद, हळदीत अक्षता चिकटलेल्या. लॅपटॉप दसऱ्याच्या आदल्या दिवशी आला होता. खंडेनवमीला एमआयडीसीत प्रत्येक मशीनची पूजा होते. लेथला झेंडूची माळ, ड्रिलला माळ, वजनकाट्यालासुद्धा. नव्या लॅपटॉपला कसं वगळणार? आणि पूजेचं कुंकू कुणी पुसत नाही. जाईल तेव्हा आपोआप जातं. मी काही फार देवभोळी नाही, पण ते पुसायला माझाही हात धजला नाही. त्याला धक्का लागू नये म्हणून लॅपटॉप डाव्या-उजव्या बाजूंनी धरून काम केलं.

बारा वाजता साहेब आले. "दुपार झाली मॅडम."

"कार्ड ओळखलंय साहेब. फक्त ऐकत नाहीये."

"ओळखून काय करू? चार वाजेपर्यंत बघतो. नाहीतर उद्या मापांचं रजिस्टर दाखवू, आणि पुढचं मी ठरवतो."

सोनवणे तिथेच उभे होते. गुडघा चोळत राहिले.

साडेबाराला लाइट गेले. मशीन एकेक करून गप्प झाली. क्वालिटीच्या केबिनला खिडकी नव्हती, भरदुपारी काळोख. ऑफिसातला डबा यूपीएसवर, लॅपटॉप बॅटरीवर, त्यामुळे दोन्ही चालू. मी वैतागून झाकण खाली केलं. आता केबिनमध्ये काहीच दिसत नव्हतं. फक्त लॅपटॉपच्या कडेला, कुंकवाच्या ठिपक्याखालून, एक बारीक तांबूस उजेड झिरपत होता.

मी वाकून पाहिलं. मग झाकण उघडून स्क्रीनचा उजेड पाडला आणि कुंकवाच्या बाजूला नख फिरवलं. तिथे खाच होती.

"सोनवणे, पूजा कुणी केली याची?"

"मीच. का हो?"

"तेव्हा हा चालू होता?"

"चालूच केला होता ना. बंद मशीनची पूजा करत नाहीत. पुढे निळा दिवा लुकलुकत होता. म्हटलं, हाच याचा देव. तिथेच कुंकू लावलं. दाबून लावलं, पडू नये म्हणून. बोटाखाली काहीतरी सरकलं आणि दिवा तांबडा झाला. म्हटलं, पूजा पावली."

मला हसू आवरेना. त्या मॉडेलला पुढच्या कडेवर एक सरकतं बटण होतं, कार्डाचा रेडिओ चालू-बंद करायचं. शेजारीच दिवा. निळा म्हणजे चालू, तांबडा म्हणजे बंद. दोन दिवस मी तोंड बांधलेल्या कार्डाला दुभाषे बदलून देत होते.

"हे कुंकू पुसावं लागेल," मी म्हणाले.

त्यांचा चेहरा उतरला. "मॅडम, पुसू नका. पूजेचं शे."

"पुसायचं तुम्हीच. लावणारा तुम्ही, काढणाराही तुम्हीच."

मग त्यांनी लॅपटॉपला नमस्कार केला, रुमालाचं टोक पाण्यात भिजवलं आणि ठिपका हलक्या हाताने टिपून घेतला. दिवा दिसला, पण बटण हलेना. खाचेत कुंकू घट्ट बसलं होतं. मी टाचणी शोधायला लागले, तर त्यांनी खिशातून फीलर गेज काढला. दोन भागांतली फट मोजायच्या पातळ पोलादी पात्यांचा तो जुडगा असतो. त्यातलं सर्वांत बारीक पातं निवडून त्यांनी ती खाच अशी साफ केली की प्लॅस्टिकवर ओरखडा नाही. मग नखाने बटण सरकवलं. दिवा निळा झाला.

मी कमांड दिली. या वेळी नेटवर्कचं नाव आलं. सोनवणे ते अक्षर अक्षर वाचत राहिले. मग त्यांनी रुमाल उलटा केला, कोरड्या बाजूने डोळे पुसले आणि म्हणाले, "धूळ फार आहे इथे."

लाइट आल्यावर साहेब आले. "झालं? नक्की काय होतं?"

सोनवणे जमिनीकडे बघायला लागले.

"दोन गोष्टी होत्या साहेब," मी म्हणाले. "ड्रायव्हर नव्हता आणि रेडिओ बंद होता. दोन्ही झालं."

यात खोटं काहीच नव्हतं. रेडिओ कुणी बंद केला हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी सांगितलं नसतं. कारण खरी चूक माझी होती. बिघाड शोधताना आधी वीज, मग बटण, मग वायर आणि सगळ्यात शेवटी डोकं, हा क्रम मी नव्या पोरांना घोकून घेत असे. लिनक्स म्हटल्यावर मीच डोक्यापासून सुरुवात केली होती.

गुरुवारी ऑडिटवाले लेथजवळ उभे राहिले. सोनवणेंनी स्टुलावर बसून शाफ्ट मोजला, आकडा टाइप केला, आणि तो ऑफिसातल्या स्क्रीनवर उमटला. ऑडिटवाल्याने एक शाफ्ट मुद्दाम बाजूला काढून दिला. सोनवणेंनी आधी अंगठा फिरवून माप सांगितलं, मग मायक्रोमीटर लावला. पाटणकर साहेब त्यानंतर स्टोअरचं नाव कधी काढताना दिसले नाहीत.

माझ्या डायरीतल्या यादीत मी एक ओळ वाढवली: लॅपटॉपची खंडेनवमीला पूजा झाली असेल तर कुंकू कुठे लावलं ते आधी विचारा. पुढे दोन गिऱ्हाइकांकडे ती उपयोगी पडली.

पुढच्या खंडेनवमीला सकाळीच सोनवणेंचा फोन आला.

"मॅडम, पूजा झाली. दिवा निळा शे."

"आणि कुंकू?"

"झाकणावर लावलं. बरोबर मध्यावर. व्हर्नियरने मोजून."