आबांची जीप आणि हिरवं पाणी

माझे सासरे सैन्यात ड्रायव्हर होते. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो. निवृत्त झाल्यावर त्यांनी लिलावातली एक जुनी जीप आणली होती. पणदऱ्याच्या आमच्या वस्तीपासून डांबरी रस्त्यापर्यंत नुसते दगड आणि उसाच्या पाण्याचा चिखल, तिथं तीच चालायची.

माझं लग्न झालं तोवर आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. नवरा पुण्यात नोकरीला, सासूबाईंचे गुडघे धरलेले. नव्वद सालानंतरचीच ही गोष्ट. आमच्या भागात बाई गाडी चालवताना दिसली की लोक सायकली थांबवून बघायचे. तरी आबांनी एक दिवस किल्ली माझ्या हातात दिली आणि स्वतः शेजारच्या सीटवर जाऊन बसले. "शीक. मी हाय हितं."

इंजिन किती तापलंय ते दाखवणारा काटा त्यांना दिसत नसे. म्हणून दर दोन-चार मैलांनी ते विचारायचे, "काटा कुठं हाय?" मी सांगायची, "मध्यावर."

त्या हिवाळ्यात इंदापूरला डोळ्यांच्या ऑपरेशनचं शिबिर होतं. आबांनी आधीची दोन शिबिरं काही ना काही सांगून टाळली होती. या वेळी सासूबाईंनी जेवण सोडायची धमकी दिली, तेव्हा ते तयार झाले. पण गाडीत बसता बसता म्हणाले, "वाटंत गाडीनं जरा जरी कुरकुर केली तर माघारी फिरायचं."

बारामती मागं पडली. भवानीनगरच्या पुढं काटा मध्य सोडून वर सरकायला लागला. खरं तर तिथंच थांबायला हवं होतं. इंजिन निवू द्यायचं, पाणी घालायचं. तास गेला असता. पण नावनोंदणी अकरापर्यंतच होती, आणि थांबले असते तर आबांना परत फिरायला कारण मिळालं असतं.

"काटा कुठं हाय?"

"मध्यावर, आबा."

लासुर्ण्यात त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. काटा तेव्हा लाल खुणेला टेकला होता.

निमगावच्या अलीकडं बॉनेटमधून वाफ उसळली. इंजिन दोन-तीन आचके देऊन बंद पडलं, मागं पांढऱ्या धुराचा लोट. मागून येणाऱ्या दुधाच्या टेम्पोवाल्यानं जीप बाजूला ढकलायला हात लावला आणि आम्हाला आत घेतलं. मला वाटलं, आबा आता बोलतील. ते टेम्पोच्या दाराला धरून बसले. मग म्हणाले, "गाडी सावलीत हाय का?"

"लिंबाखाली आहे."

"बरं केलंस."

आम्ही वेळेत पोचलो. दुसऱ्या दिवशी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. मी त्यांच्या खाटेशेजारी सतरंजीवर राहिले. मधल्या दिवसांत कुणाच्या तरी ट्रॅक्टरनं जीप ओढून इंदापूरच्या एका गॅरेजात नेली. सहाव्या दिवशी त्यांना सोडलं तेव्हा डोळ्यावर हिरवी पट्टी होती आणि डॉक्टरांनी वाकायला, वजन उचलायला मनाई केली होती. बाहेर पडल्या पडल्या आबा म्हणाले, "आधी गॅरेज."

मिस्त्री वयानं आबांच्या बरोबरीचे. त्यांनी तेल मोजायची काडी माझ्यापुढं धरली. "बघा ताई, तेलाचा चहा झालाय. पाणी शिरलंय आत." हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उघडून ठेवलं होतं. हेड आणि खालचा ब्लॉक यांच्या मध्ये तांब्याचा एक पत्रा असतो, हेड गॅस्केट म्हणतात त्याला. पाणी, तेल आणि आतला जाळ एकमेकांत मिसळू नयेत म्हणून. मिस्त्रींनी तो पत्रा आबांच्या हातात दिला. आबांनी स्टुलावर बसून त्याच्या कडेनं बोट फिरवलं आणि एका जागी थांबले. "हितं जळालंय."

मला राहवलं नाही. "आबा, काटा मध्यावर नव्हता. मी खोटं बोलले."

"ठावं हाय."

"कसं?"

"तापल्या इंजिनाचा वास मला भवानीनगरपासनं येत हुता."

"मग बोललात का नाही?"

त्यांनी पत्रा मांडीवर ठेवला. "बोललो असतो तर तू थांबली असतीस. आन मी माघारी फिरलो असतो." मग हळूच म्हणाले, "मला बी डोळं पायजेच हुतं, पोरी. भ्या वाटत हुतं, एवढंच."

मी पदरानं नाक पुसलं. मिस्त्री उगाच पान्हे लावून ठेवत बसले. मग त्यांनीच विषय काढला. "आबा, गाडी ताईंनी न्हाय मारली. बोअरच्या पाण्यानं मारलीय." त्यांनी इंजिनातल्या पाण्याच्या वाटेत तार घालून खरवडलं. पाणी तापवायच्या पातेल्याला धरते तसल्या पांढऱ्या क्षाराच्या खपल्या निघाल्या. निम्मा रेडिएटर बुजला होता. "हितनं फुडं कूलंट घाला."

आबा हसले. "कूलंट? ते आमी लडाखला घालायचो, पाणी गोठू नये म्हणून. हितं कुठं बर्फ पडतोय?"

"गोठू देत न्हाय, तसं लवकर उकळू बी देत न्हाय. गंज धरत न्हाय. निम्मं हे, निम्मं बॅटरीत घालत्यात ते शुद्ध पाणी. अन दुसऱ्या रंगाचं त्यात मिसळायचं न्हाय."

आबांनी एक खपली घेऊन चिमटीत चुरली. "रोज सकाळी मीच वतायचो की हे पाणी," ते म्हणाले. आणि उघड्या इंजिनावर तळहात ठेवून बसून राहिले.

तापून वाकलेलं हेड बारामतीला घासून सरळ करून आणलं, रेडिएटर साफ केला, नवा पत्रा बसला. आठवड्यानं मी जीप घरी आणली. कूलंटचं हे हिरवं पाणी गोड लागतं, जनावर चाटलं तर मरतं, असं मिस्त्रींनी बजावलं होतं. आबांनी उरलेल्या कूलंटचा डबा माझ्याकडून माळ्यावर चढवून घेतला. पुढं एकदा थोडं सांडलं, तर तिथं कुत्रं फिरकायच्या आत त्यांनी चार बादल्या पाणी ओतून अंगण धुतलं.

गाडी थोडी चालल्यावर हेडचे बोल्ट पुन्हा आवळायचे होते. तोवर आबांना जाड भिंगांचा चष्मा आला होता. सकाळी, इंजिन गार असताना, मी पान्हा घेऊन वाकले. ते शेजारी उभे राहून सांगत होते, "मधला आधी. मग त्याच्या पलीकडचा. दाबून."

मधेच ते सांगायचं थांबले. मी वर बघितलं, तर ते माझ्याकडंच बघत होते.

"हनुवटीवर तीळ हाय व्हय तुझ्या?"

"लहानपणापासून आहे, आबा."

"मला आत्ता दिसला," ते म्हणाले. चष्मा काढून त्यांनी धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला, आणि पुन्हा एकदा माझ्याकडं नीट बघून घेतलं.