हिवरखेडची पोरं चित्रं पाहायला गेली

जयवंता हिवरखेडच्या माळ्यांपैकी. ती आणि तिचा नवरा सहदेव विहिरीवरच्या मळ्यात वांगी, मेथी, मिरच्या लावत आणि बाजाराच्या दिवशी गाडीने अकोटला नेत. तेव्हा अमेरिकेत लढाई जुंपली होती. तिकडचा कापूस विलायतेला पोचेना, म्हणून वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. लोकांनी भाजीचे वाफे मोडून कापसाची सरकी टोबली. जयवंताने मळा मोडला नाही. "कापूस शिजवून खाता येत नाही," एवढंच ती म्हणे.

अकोटच्या एका शेठजीने त्या वर्षी बाजाराला लागून धर्मशाळा बांधायला काढली. तिच्या दालनाच्या भिंती रंगवायला जयपूरकडचा एक म्हातारा चितारी आणला होता. कामावरच्या माणसांचा स्वयंपाक तिथेच होई, म्हणून जयवंता भाजी द्यायला आत जात असे.

एकदा ती दालनातून चालली होती, तेव्हा समोरच्या भिंतीवर विहीर दिसली. बायका पाणी शेंदत होत्या. एकीने घागर कमरेवर घेतली होती आणि त्या भाराने ती एका अंगाला कलली होती. जयवंताने टोपली खाली ठेवली. देवांची चित्रं तिने पाहिली होती; त्यांना हात जोडायचे आणि पुढे व्हायचं. इथे हात जोडण्यासारखं काही नव्हतं. मग काय करायचं ते तिला कळेना, म्हणून ती नुसती पाहत उभी राहिली. आतून कोणी दोनदा हाक मारली तीही तिला ऐकू आली नाही.

परतताना तिने सहदेवला सांगितलं. तो म्हणाला, "पानी तं तू रोजच भरते."

"भरतो. पन पायलं नव्हतं कधी."

गावात नुकतीच सरकारी शाळा निघाली होती. खुशालराव मास्तर अमरावतीहून आले होते, वयाने तरणे होते. जयवंता सरळ त्यांच्याकडे गेली आणि म्हणाली, शाळेतल्या पोरांना ते दालन दाखवा. मास्तर म्हणाले, "माझ्याही मनात येतं, या पोरांनी पाटीपलीकडे काही पाहावं. पण वेचणीच्या दिवसांत पोरं सोडणार कोण?"

गावात सगळ्यात जास्त कापूस रामरावांचा होता. मास्तर आणि जयवंता त्यांच्याकडे गेले.

"बोंडं फुटून कापूस खाली पडून राहिला," रामराव म्हणाले. "मले हात पायजेत. चित्रं पाहून पोरायचं काय होते?"

"काय होते ते मलेबी सांगता येत नाही," जयवंता म्हणाली. "पन पोरायच्या बदल्यात आमच्या बाया येतीन वेचाले."

रामराव कबूल झाले. बायांना मात्र तिने विचारलंच नव्हतं. वाटेत पहिलं घर गोदाबाईचं होतं. तिने सगळं ऐकलं आणि कपाळाला आठी घातली.

"आमच्या वतीनं तू काहून बोलली?"

"चुकलंच माह्यं."

गोदाबाई तोडलेली मेथी निवडत राहिली. मग म्हणाली, "माह्या पोरी नेशीन तं येतो."

शाळेत एकही मुलगी नव्हती. पण ठरल्या दिवशी, उजाडायच्या आधी, दोन गाड्या जुंपल्या होत्या आणि दोन्हींत मुलांबरोबर मुलीही बसलेल्या होत्या. मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं, मुलांना सरकायला सांगितलं आणि सहदेवने बैल हाकले.

अकोटला धर्मशाळेच्या दारात शेठजींच्या मुनीमजींनी अडवलं. धुळीने माखलेले पाय, नवी फरशी. त्यांचंही चूक नव्हतं. जयवंता मुलांना हौदावर घेऊन गेली आणि एकेकाचे पाय धुऊ लागली. शेठजींची बायको माणिकबाई तेव्हा काम पाहायला आली होती. तिने ते पाहिलं, पदर खोचला आणि दुसऱ्या बाजूने पाणी घालायला लागली. मग कोणी अडवायचं?

आत गेल्यावर मुलं आधी बावरली. मास्तर बाकीच्या भिंतींवरच्या देवांची नावं विचारू लागले, मुलं उत्तरं देऊ लागली. त्यात गोदाबाईची कौशल्या विहिरीपाशी थबकली होती. चित्रातली एक बाई पाठमोरी होती.

"हिचं तोंड काहून नाही काढलं?" तिने विचारलं.

परांचीवर बसून रंगवणारा चितारी खाली उतरला. मोडक्या मराठीत म्हणाला, "तू सांग, कसं असेल?"

"रडून राहिली ते."

"नाही, हासते," एक मुलगा म्हणाला. दुसरा म्हणाला, ती कोणाची तरी वाट पाहते. वाद वाढला तसे मास्तर नावं विचारायचं विसरले आणि स्वतःही त्यात पडले. माणिकबाई म्हणाली, इतके दिवस ती इथून येते-जाते, पण ही बाई पाठमोरी आहे हे तिने आजच पाहिलं.

कबूल केल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी माळ्यांच्या बाया रामरावांच्या शेतात वेचायला गेल्या. कौशल्याही गेली. ओळीने वाकलेल्या बायांच्या पाठींकडे ती पाहत राहिली म्हणून तिने गोदाबाईचा ओरडा खाल्ला.

पुढे तिकडची लढाई संपली आणि भाव कोसळला. शेठजींनी काम थांबवलं. चितारी आपल्या मुलखाला निघून गेला आणि दालनाची एक भिंत कोरी राहिली. गावात लोकांची तोंडं उतरली होती. त्या साली पोरांना पुन्हा चित्रं पाहायला न्यायचं नाव काढायला जयवंतालाही धीर झाला नाही. नाव काढलं ते बायांनीच. गोदाबाईने भाकऱ्यांचं पीठ गोळा केलं, आणि गाड्या गेल्या.

असं ते वर्षानुवर्षं चाललं. एका वर्षी गुडघे धरले तेव्हा जयवंता घरी राहिली. त्या वर्षी सहदेवला ताप होता, म्हणून गाडी हाकायला रामराव स्वतः गेले. आल्यावर ते तिच्या अंगणात टेकले.

"काय पायलं?" तिने विचारलं.

रामरावांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "त्या कोऱ्या भिंतीपाशी पोरं लय वेळ बसले. इथं काय काढावं, याच्यावरून भांडून राहिले होते."

"अन् तुमी?"

"मीबी बसलो," रामराव म्हणाले.