बोट अडवणारे सेफ्टीकाका

सेफ्टीकाकांवर लिहायचा मला हक्क आहे का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आमच्या घरातून कॉलेजात पोहोचलेला मी पहिलाच. लिहिलेलं वाचून चूक दाखवेल असं घरात कोणी नाही. शिवाय ज्यांच्याविषयी लिहितो आहे, त्यांचं काम माझ्या एका खोट्या शब्दानं गेलं. तेव्हा या धिटाईबद्दल आधीच माफी मागतो.

काकांना पोहता येत नव्हतं. छत्तीसगडातल्या दुर्गपासून तासाभरावरच्या धरणात जेट बोट चालायची आणि तिच्यात बसणाऱ्यांच्या जिवाची जबाबदारी काकांवर होती. दुसऱ्या कोणी ही गोष्ट लपवली असती. काका मात्र प्रत्येक फेरीआधी बारा प्रवाशांसमोर उभे राहून तेच पहिलं सांगत, “मले पोहता येत नाही. म्हनून जाकीट कसं बांधाचं ते मले बराबर समजते.” एकदा भिलाईचे एक अधिकारी म्हणाले, मी रोज सकाळी पोहतो, मला जाकीट नको. काका त्यांच्याच अंगावर पहिलं जाकीट चढवत म्हणाले, “साहेब, न पोहनारा बोटीची दांडी सोडत नाही. पोहनारा सोडते.” साहेब हसले आणि निमूट हात वर करून उभे राहिले.

काका मूळचे भंडाऱ्याकडचे. भिलाईच्या पोलाद कारखान्यात क्रेनवर आयुष्य काढून निवृत्त झाले होते. काकू गेल्यावर दुर्गच्या मोहन नगरात एका खोलीत राहायचे. मुलगी गोंदियाला दिली होती. मी दुर्गला बी.एस्सी. करत होतो, आणि शनिवार-रविवार ती बोट चालवायचो. बोट कंपनीच्या माणसानं पंधरा दिवस शिकवलं होतं, तेवढ्यावर मी स्वतःला फार मोठा समजत होतो. काका माझ्याकडे बघून विचारायचे, “बाबू, हा गॉगल तू पान्याले दाखवून राहिला का कोनाले?”

जाकिटाचा पट्टा आवळला की त्याखाली ते आपली दोन बोटं घालून बघत. तिसरं बोट शिरलं तर पट्टा पुन्हा आवळायचा. बायकांचे पट्टे बघायला त्यांनी चहावाल्या बाईंना शिकवून ठेवलं होतं. पदरावरून बांधलेलं जाकीट पाण्यात सरकतं, म्हणून पदर आधी कमरेला खोचायला लावायच्या. फोन सगळ्यांचे काढून घेऊन बिस्किटांच्या मोठ्या डब्यात ठेवत. फोटोसाठी कोणी कुरकुर केली तर म्हणत, “एक हात फोनले, एक हात देवाले, मंग दांडी कोन धरन?”

जेट बोटीला बाहेर पंखा नसतो. पोटाखालच्या जाळीतून ती पाणी आत ओढते आणि मागून जोरात फेकते. त्या फेकीनंच ती पुढे जाते आणि त्याच फेकीनं वळतेही. पहिल्या आठवड्यात मासेमारांचा बांबू समोर आला तेव्हा मी घाबरून वेग एकदम सोडला, आणि स्टीअरिंग फिरवूनही बोट सरळच गेली. बांबू थोडक्यात चुकला. काका शेजारीच बसले होते. रागावले नाहीत. भीती वाटली की माणूस हात मागे घेतो, पण इथे हात मागे घेतला की वळणंही जातं, एवढंच त्यांनी समजावलं. मग तेच वळण माझ्याकडून वीस वेळा करून घेतलं, स्वतः शेजारी दांडी घट्ट धरून, डोळे मिटून.

जाळीत गवत किंवा प्लास्टिकची पन्नी अडकली की फेक कमी होते. म्हणून दर तीन फेऱ्यांनी बोट उतारावर ओढून काका जाळी साफ करवत. तोवर बोटीची चावी त्यांच्या खिशात. कारखान्यातली रीतच तशी होती, ते सांगत. ज्याचा जीव मशीनखाली, चावी त्याच्या खिशात, साहेबाच्या नाही. रांगेतले लोक ओरडायचे, बोटीचा ठेकेदार घड्याळ दाखवायचा. काका खाली वाकलेलेच असायचे.

हिवाळ्यातला सहलींचा रविवार होता. माझे आईबाबा पहिल्यांदाच मला बोट चालवताना बघायला आले होते. बाबा रेल्वेत रुळांवर काम करणारे गँगमन. आई काठावरच थांबली, धुतलेला पांढरा शर्ट घालून बाबा बोटीत पुढच्या बाकावर बसले. काकांनी त्यांचं जाकीट स्वतः बांधलं. सकाळपासून मला बोट उशिरा वळते आहे असं जाणवत होतं. काकांनी नुसत्या आवाजावरून ते ओळखलं आणि हळूच विचारलं, “स्टीअरिंग हाताले हलकं लागून राहिलं का?”

बाबा माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, “नाही काका, ठीक आहे.”

काकांनी तरीही चावी काढून घेतली. जाळी बघितल्याशिवाय बोट जाणार नाही म्हणाले. ठेकेदार चिडला. ड्रायव्हर खुद बोल रहा है ठीक है, तुम कौन होते हो, असं सगळ्यांदेखत म्हणाला, आणि उद्यापासून येऊ नका असंही सांगितलं. काकांनी चावी त्याला दिली नाही. माझ्या हातात ठेवली. “पान्यात तू जाशीन,” ते म्हणाले, “तूच सांग.”

काका चपला घालून बसथांब्याकडे निघाले आणि मी चावी फिरवली.

तलावाच्या मध्यावर वळताना बोटीचा जोर गेला. मी वेग सोडला नाही, पण जाळीच तुंबलेली. स्टीअरिंग हातात रिकामं फिरत राहिलं. बोट बुडालेल्या जुन्या बांधाच्या दगडांना धडकली आणि त्या धक्क्यानं दोघे पाण्यात पडले. त्यातले एक माझे बाबा. ते पाण्याखाली गेले तेवढ्या वेळात मी काय विचार केला ते मला सांगता येत नाही. मग नारिंगी जाकीट वर आलं आणि त्यात बाबांचं तोंड होतं, आकाशाकडे. दुसऱ्या बोटीनं दोघांना उचललं. काठावर आई त्यांचं जाकीट सोडवायला गेली तर पट्टा तिला सैल करता येईना.

बोटीच्या जाळीतून मासेमारांच्या जाळ्याचा हातभर तुकडा निघाला. बोट बंद झाली, चौकशी लागली, आणि ठेकेदारानं लिहून दिलं की म्हातारा जाळी साफ न करताच काम सोडून गेला. मी मोहन नगरला धावलो. खोलीला कुलूप होतं. शेजारी म्हणाले, मुलीकडे गेले. नंबर कोणाकडे नव्हता.

बाबांना मी सगळं सांगितलं, माझं “ठीक आहे” सुद्धा. ते म्हणाले, “मले लिहिता येत नाही, नाहीतर मीच लिहिलं असतं. तू लिही. अन् तू खोटा बोलला तेबी लिहिजो.” आयुष्यातला तो माझा पहिला अर्ज. चारदा फाडला. पाचवा घेऊन दुर्गच्या कलेक्टर कचेरीत गेलो, चौकशी करणाऱ्या साहेबांनी तोंडी विचारलं तेव्हाही तेच सांगितलं. त्यानंतर महिनेच्या महिने काही कळलं नाही. धरणावर नवा ठेकेदार आल्याचं तेवढं कानावर आलं. मला तिकडे जायचा धीर होत नव्हता.

गेल्या रविवारी दुपारी वर्गातल्या एका मित्राचा फोन आला. घरच्या दहा जणांना घेऊन तो धरणावर गेला होता आणि भयंकर वैतागला होता. सगळे जाकिटं बांधून बोटीत बसलेले असताना एका म्हाताऱ्यानं येऊन सगळ्यांना खाली उतरवलं म्हणे. आवाज बरोबर नाही, एवढंच कारण. नवा ठेकेदारही त्याच्यापुढे काही बोलला नाही. उलट म्हणाला, यांची सही झाल्याशिवाय बोट निघत नाही, कलेक्टर कचेरीतून लेखी आलंय.

“मग शेवटी केव्हा गेलात?” मी विचारलं.

“गेलोच नाही ना बे,” तो म्हणाला. “डबे खाल्ले अन् घरी आलो सगळे.”