धरून ठेवलेला सूर

“मास्तरनं सूर धरला की बँड थांबतो. ही खूण माज्या बी आदीपासनं हाय.”

“मग खूण बदला, आबा. तो सूर मला पायजे.”

“तुज्या एका सुरापायी समद्या बँडला नव्यानं शिकवू व्हय?”

“शिकवा की. मी न्हाई का शिकले?”

नेवाशात सूर्यभानच्या बँडच्या खोलीत हे भांडण कितीतरी दिवस मुरत होतं. सूर्यभान बँडचा मास्तर, क्लॅरिनेट त्याची. वरातीच्या गोंगाटात ओरडलेलं कुणाला ऐकू येत नाही. म्हणून मास्तरनं लांब सूर ओढला की सगळ्यांनी थांबायचं आणि पुढचं गाणं उचलायचं, अशी पद्धत. आणि त्याची लेक सुकन्या सॅक्सोफोनवर नेमका लांब सूर ओढायला निघाली होती.

ही मूळची पाथर्डीकडची माणसं. सुकन्याचं बालपण ऊसतोडीच्या कोप्यांत, पाचटाच्या झोपड्यांत गेलं. फड हलला की शाळाही हलायची. सूर्यभाननं कोयता टाकून क्लॅरिनेट धरली आणि बिऱ्हाड नेवाशाला आणलं. पुढे बँडचा सॅक्सवाला डीजेच्या गाडीवर गेला, वाद्य पेटीत पडून राहिलं, ते सुकन्यानं उचललं. बाईमाणसानं भर रस्त्यात गाल फुगवून उभं राहणं शोभत नाही, असं लोक म्हणाले. उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन पळत होते तेव्हा शोभत होतं का, असं तिनं विचारलं.

मोबाईलवर तिला अमेरिकेतली जुनी गाणी सापडली. जंप ब्लूज, रिदम अँड ब्लूज. त्यांची नावं जिभेवर बसेनात, म्हणून आवडत्या सोलोंना, एकट्या सॅक्सच्या तुकड्यांना, तिनं घरचीच नावं ठेवली. ‘भांडखोर’मध्ये गाणाऱ्याची ओळ संपायच्या आत सॅक्स त्याला उलट बोलतो. ‘म्हातारा’ खालच्या पट्टीत खाकरत, खरखरत चालतो. आणि सगळ्यात लाडका ‘हट्टी’. त्यात वादक एकच सूर धरतो आणि तोच तालावर ठोकत राहतो, दम संपेपर्यंत, आणि संपल्यावरही. भाकरी थापताना तिचा पाय त्यावर हलायचा. तिची आई भागूबाई म्हणायची, हा बाप्या दार उघडल्याबिगर कडी सोडायचा न्हाई.

देवळालीला आप्पासाहेब नावाच्या बागायतदाराच्या मुलाचं लग्न होतं, सुपारी सूर्यभानच्या बँडला मिळाली होती. परण्या, म्हणजे लग्नाआधीची नवरदेवाची मिरवणूक, वाजतगाजत मारुतीला गेला. नवरदेव देवळात शिरल्यापासून नारळ फुटेपर्यंत वाद्य थांबता कामा नये, असा रिवाज. आत पुजाऱ्याला वेळ लागला. बाहेर तीच ती गाणी फिरून वाजू लागली, नवरदेवाच्या मित्रांनी मोबाईल काढले. सुकन्यानं बापाकडे पाहिलं. बापानं वाजवता वाजवताच मान हलवली. नाही.

तिनं ‘हट्टी’ उचलला.

सूर लांबला आणि बँड थांबला. ट्रंपेट थांबल्या, ढोल थांबला, सवयीनं. नारळ अजून पुजाऱ्याच्या हातातच. आप्पासाहेबांची आई छबूबाई पायरीवर बसली होती. तिनं घाबरून विचारलं, वाद्य का गं बंद पडलं? सांगायला सुकन्याचं तोंड मोकळं कुठे होतं? तिनं चपला झटकल्या, उघडी टाच पेव्हर ब्लॉकवर आपटली आणि तोच सूर तोडून तोडून त्या टाचेवर ठोकायला लागली. गळ्याच्या शिरा तटतटल्या. ढोलवाल्या हनुमंतनं मास्तरकडे पाहिलं, मग त्या टाचेकडे पाहिलं आणि ढोलावर तोच ताल धरला. छबूबाईचा हात आपोआप गुडघ्यावर थापा देऊ लागला. मित्रांमधले दोघं आधी हसले, मग तेच नाचायला उतरले. ट्रंपेटवाले मात्र शेवटपर्यंत गप्प उभे. आत नारळ फुटला.

जेवणावळी उरकल्यावर मंगल कार्यालयाच्या मागच्या खोलीत सूर्यभाननं तिला गाठलं. आवाज चढवला नाही, तेच अवघड होतं. अर्धा बँड मारुतीसमोर मुका राहिला, गाव हे ध्यानात ठेवील, असं तो म्हणाला. मी मुकी नव्हते, असं ती म्हणाली.

“हनुमंत तुज्या टाचंवर आला,” सूर्यभान म्हणाला. “माज्याकडं बघून बी.”

खरा काटा तिथं होता. सुकन्या जरा नरमली. “थांबायची खूण हातानं करा ना, आबा.”

“क्लॅरिनेटला दोन्ही हात लागत्यात. तिसरा कुटनं आनू?”

“मग मान हलवा.”

“आज हलवली हुती की. थांबलीस?”

तिला हसू फुटणार होतं, ते तिनं गिळलं. सूर्यभान क्लॅरिनेटचे तुकडे सुटे करून एकेक पुसत होता. वर न बघता तो म्हणाला, “उद्या शिंगणापूरच्या वाटंवर सुपारी हाय. तितं बी सूर धरशील. अन् समदी पुन्हा थांबली तर?”

बाहेर ट्रंपेटवाले टेम्पोत सामान चढवत होते. सुकन्यानं सॅक्सचा पट्टा गळ्यात अडकवला, दार लोटलं आणि “ट्रंपेट उतरवा खाली, सूर शिकवते,” म्हणत त्यांच्या दिशेनं चालू लागली.