यमुनामायचं कोंडाळं

यमुनाबाई गणपत, राहणार आमचंच गाव, धाडच्या बाजाराला जाणारं. वय पन्नासच्या आसपास. काम वांगी-मिरच्या पिकवण्याचं. या बाईवर गेल्या साली, आखाडी पुनव होऊन गेल्यावरच्या मंगळवारी, सकाळी गुरं रानात गेल्यावर, चावडीसमोर अन्याय झाला. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा चौथं वर्ष लागलं होतं. गावानं हात वर करून तिला गावाबाहेर काढलं. आरोप करणीचा. पुरावा एक छापील पत्रक. ते पत्रक मी लिहिलं होतं.

हे आधीच सांगतो, कारण पत्रकं लिहिणाऱ्याला दुसऱ्याची चूक ठळक टायपात आणि स्वतःची तळाला बारीक टायपात टाकायची सवय असते.

यमुनामायची एक खोड सगळ्या गावाला माहीत होती. काहीही विचारा, ती आधी कडूनिंबाचं एक पान तोडायची, चावायची, आणि मगच बोलायची. वाटेत निंब नसला तर पदराच्या गाठीतून काढायची. मी एकदा विचारलं, "काऊन खातं व माय हे?" तर म्हणाली, "बोलणं कडू निघालं तं पाल्यावर ढकलता येते." बाई उंच, हाडापेराची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिचे मालक गणपतबुवा कानानं अधू. लोक म्हणत, देवानं जोडा पाहूनच जमवला, हिचं बोलणं ऐकायची पाळी त्याच्यावर येत नाही. गणपतबुवांना सगळं ऐकू यायचं, हे मला फार उशिरा कळलं.

तिच्या वांग्याच्या वावराला निवडुंगाचं कुंपण होतं. मधोमध निंबाचं झाड, त्याच्या बुडाशी शेंदूर फासलेली मातामाय. पुनवेच्या जवळचा बाजार पडला, की गावातले बाप्ये गाड्या जुंपून धाडला जात आणि तिकडे दुपारी निंबाखाली बाया जमत. याला त्या कोंडाळं म्हणत. भजनी मंडळ नव्हतं ते. टाळ नाही, बुवा नाही. हळदीकुंकूही नव्हतं, कारण त्यात दोन विधवा होत्या. मग होतं काय? ते गावात कोणी सांगत नव्हतं, आणि न सांगितलेली गोष्ट आमच्या गावाला पचत नाही.

पुढचं मला नंतर कळलं. काही तिच्याकडून, काही माझ्या आईकडून. यमुनामायचं माहेर मेहकरकडचं. तिची आत्या जाणती होती, पाल्यामुळ्याची माहीतगार, आणि तिच्या काळी असं कोंडाळं बसायचं. यमुनामाय तेव्हा परकरातली पोर, तिनं ते लांबून पाहिलेलं. आत्या गेली, कोंडाळं मोडलं. चाळीस वर्षांनी हिच्या मनानं घेतलं, की आपण बसवायचं. येत किती होतं? "अर्धं. अर्धं आठवे, अर्धं मी जमवून घेतलं. कोणाले विचारू? मेलेल्या आत्याले?"

पहिल्या वेळी तिनं भेटेल त्या बाईला बोलावलं. वीस-बावीस आल्या. सगळ्या एकदम बोलल्या, मातामायसमोर कोणी बसायचं यावरून दोघी जावा भांडल्या, आणि भाकरी खाऊन सगळ्या उठल्या. दुसऱ्या खेपेला कोणीच आलं नाही. ती एकटी दिवा लावून बसली, गणपतबुवा मिरच्यांना पाणी देत राहिले. मग तिनं नेम घातले. वाटोळं बसायचं, म्हणजे पहिली कोण आणि शेवटची कोण हे दिसत नाही. दिवा दर वेळी वेगळी बाई लावेल. नवी आली तर तीन पुनवा कडेला बसून फक्त ऐकेल. तेरा झाल्या की पुढचीनं आपलं वेगळं कोंडाळं बसवायचं. चारी दिशांना पाणी शिंपडायचं, निरगुडीचा धूर करायचा, मग एकेकीनं आपलं एक भेव, मनातली एक भीती, सांगायची. आतलं आत राहील. शेवटी भाकरी आणि ताक. आणि सगळ्यात वरचा नेम: कोणाचं वाईट मागायचं नाही. एकीनं सवतीचं काही तरी कर म्हणून हात जोडले, तर यमुनामायनं तिला दोन पुनवा बाहेर ठेवलं. "इथं मागणं चालते, मारणं चालत नाई," म्हणाली.

कोंडाळ्यातल्या वेली नावाच्या बाईच्या पोराला ताप चढला तेव्हा ती पोराला घेऊन निंबाखाली आली. यमुनामायनं अंगाऱ्याला हात लावला नाही. पोरगं उचललं आणि एसटी गाठून बुलढाण्याच्या दवाखान्यात नेलं. परत आल्यावर वेलीला दम दिला, "ताप डाक्तरचा, भेव आपलं. हे उलटं करशील तं मी तुले बसू देणार नाई." हे मी नंतर ऐकलं. आधी ऐकलं असतं तर? खरं सांगायचं तर तरी मी लिहिलंच असतं. मी तेव्हा एकवीस वर्षांचा, मॅट्रिक, बुलढाण्याच्या एका तरुण मंडळाचा चिटणीस, आणि गावातली अंधश्रद्धा कुंपणापलीकडेच जमते असं पक्कं ठरवून बसलेला.

मी एकदा तिला रस्त्यात अडवलं. म्हटलं, "यमुनामाय, तिथं तुम्ही काय करता ते जाहीर सांगा. विज्ञानाचं युग आहे."

तिनं पान चावलं. "दिन्या, तू तुह्या सभेत बंद दारानं काय बोलतं ते मी विचारते काय?"

"आमच्या सभेला दार नाही. सर्वांना खुली आहे."

"मंग बाया काऊन येत नाई बापा तिथं?"

मला राग आला. पुढच्या बाजारी मी धाडला गेलोच नाही. निवडुंगाच्या मागे बसलो. बोलणं तुटक ऐकू येत होतं, पण हाका स्वच्छ. "ये व चंद्रे." "कृष्णे, सरक." "सुंद्रे, तू दिवा लाव." माझ्या अंगावर काटा आला. चंद्रा, कृष्णा नावाच्या बाया गावात नव्हत्या. आणि सुंद्रा होती, पण ती मी जन्माला येण्याआधी गावविहिरीत पडून मेली. तिची गोष्ट सांगून आम्हाला लहानपणी विहिरीपासून लांब ठेवत.

मी त्याच आठवड्यात बुलढाण्याला जाऊन पत्रक छापलं. त्यातलं वाक्य मला पाठ आहे: "आपल्या गावच्या तेरा बाया झाडाखाली बसून मेलेल्या सुंद्रेला हाका मारतात, आणि आपण म्हणे विसाव्या शतकात आहोत!" खाली भुतं नसतात याची तीन कारणं दिली होती. मुद्देसूद.

त्या पावसाळ्याच्या तोंडी गावात फऱ्या रोग आला. आठवड्यात चार बैल आणि दोन गाई फुगून मेल्या. जनावरांचा डॉक्टर यायला वेळ लागला. माझं पत्रक आधी पोचलं.

मंगळवारी पाटलांनी यमुनामायला चावडीवर बोलावलं. सगळं गाव उभं. बाया एका बाजूला, भिंतीला धरून, माझी आईही त्यांत. पाटलांनी पत्रक वाचलं ते फक्त त्या वाक्यापर्यंत. खालची तीन कारणं घडी घालून खिशात.

"आता बोल," पाटील म्हणाले, "सुंद्रा कोन?"

यमुनामायचा हात पदराच्या गाठीकडे गेला नाही. पान नाही, काही नाही.

"तूच हाका मारल्या का नाई?"

"हाव. मारल्या."

लोकांत गलका झाला. पाटील खाली वाकले, आवाज मऊ केला. "कोनाले मारल्या ते सांग, सोडून देतो. एक नाव सांग, बस."

मी बायांकडे पाहिलं. माझी आई भिंतीपासून सुटली होती. दोन पावलं पुढं आली, तोंड उघडलं. यमुनामायनं तिच्याकडे पाहिलं आणि सगळ्यांदेखत ओरडली, "ओ दिन्याची माय! काय तमाशा पाहून राह्यली? घरी जाय, चुलीवर दूध ठेवलं असंल, उतू जाईल!" आई थांबली. लोक हसले. मला वाटलं, काय उर्मट बाई आहे, आता अशा वेळी माझ्या आईचा अपमान करते.

मी पुढं झालो. म्हटलं, "पाटील, हे बेकायदेशीर आहे. माझ्या पत्रकाचा अर्थ तो नाही. भूत हा मनाचा..."

"तूच तं लिहिलं बे," पाटील म्हणाले. "छापलं कोनं? आता छापलेलं खोटं हाय म्हनतं काय?"

कोणी तरी मागून म्हणालं, "बस खाली, विसावं शतक." पुन्हा हसू. आणि त्या हसण्यातच हात वर झाले. विहिरीवर पाणी बंद, तिचं माळवं कोणी घ्यायचं नाही, नागपंचमीच्या आत गाव सोडायचं. ज्यांनी हात वर केले नाहीत त्यांनी माना खाली घातल्या. त्यामुळे विरोधात कोणाला मोजावंच लागलं नाही.

घरी आलो तर आई ओट्यावर बसलेली. चुलीवर दूध नव्हतंच. मी बोलायला लागलो, लोकशाही, जमाव, कायदा. तिनं मला बोलू दिलं. मग म्हणाली, "सुंद्रा मी हाये."

मला वाटलं, तिला काही झालं.

"माह्या मायनं सुंद्रा नाव ठेवलं होतं. मी लग्न होऊन आली त्याच महिन्यात गावातली ती दुसरी सुंद्रा हिरीत पडली. तुह्या आजीनं म्हटलं, मेलीचं नाव घरात नको. पार्वती केलं. तेवीस वर्षं झाली, मले कोनी सुंद्रा म्हटलं नाई. यमुनामायनं पयल्या दिवशी विचारलं, बाई, तुह्या मायनं काय म्हणून हाक मारली? कोंडाळ्यात माहेरचं नाव घ्यायचं, हा नेम हाय तिचा. म्या घरी येऊन रडली त्या दिवशी. तुले काय मालूम, तू सभेत होता."

आईचं हे नाव तिच्याच सांगण्यावरून इथं लिहितो आहे. तेरा बाया आपापली नावं घेत होत्या. मी त्यांना भुतं म्हटलं, कारण माझ्या आईचं नाव मला माहीत नव्हतं. आणि चावडीवर यमुनामायनं एक शब्द बोलून सुटका करून घेतली असती. त्या शब्दानं माझी आई अडकली असती. ती बोलली नाही.

नागपंचमीच्या तीन दिवस आधी त्या दोघांनी गाडी भरली. गणपतबुवांनी वांग्याची रोपं उपटली नाहीत, उलट वाफ्यांना पाणी दिलं. वाटेत मी उभा होतो. ते थांबले, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी बोलले: "तुले वाचता येते, ऐकता येत नाई." गाडी पुढं गेली.

होळीनंतर मी मेहकरला, तिच्या भावाच्या मळ्यात गेलो. ती कांद्याच्या वाफ्यात होती, वाळलेली. मला पाहून हात पुसले. "काय आणलं? नवं पत्रक?"

मी पाया पडलो. म्हटलं, "माय, माफ कर."

निंबाचं पान निघालं, चावून झालं. "माफी देते. घेऊन जाय. पण पाह्य बापा, माफी घेऊन तू मोकळा होशील. मी तं इथंच भावाच्या दारात राहीन."

मी म्हटलं, वकील देतो, कलेक्टरला अर्ज करतो, पोलीस घेऊन तुला गावात नेतो. ती हसली. "पोलीस किती दिवस माह्या हिरीवर बसतीन? ते गेले की हायेच पाटील. मले माणसं पाहिजे. माह्या बरोबर गावात चालत येणारे, माह्या हातचं पाणी पिणारे. तेवढे आण, मी येते." मग म्हणाली, की इथं तिनं कोंडाळं बसवून पाहिलं, चार बाया आल्या, जमत नाही. "त्या म्हणतात, तुले गावानं काऊन काढलं ते सांग आधी. ते मी सांगत नाई. मंग त्या बी आपलं काई सांगत नाई."

तिथून आलो तसा मी गावोगाव हिंडतो आहे. सगळे म्हणतात, वाईट झालं. म्हणू नका. वाईट झालं म्हणणाऱ्यांचीच त्या दिवशी चावडीसमोर गर्दी होती.

हे वाचणाऱ्या माणसांनो, तुम्ही धाडचे असा, बुलढाण्याचे असा, मेहकरचे असा. पोळा झाल्यावर धाडचा जो पहिला बाजार येईल, त्या दिवशी सकाळी धाडच्या एसटी थांब्यावर या. यमुनामाय मेहकरहून येणार आहे. तिथून आम्ही तिला मधे घेऊन पायी गावात जाणार, चावडीवरून गावविहिरीवर जाणार, तिनं शेंदलेलं पाणी सगळ्यांदेखत पिणार. घोषणा देऊ नका, पत्रकं आणू नका. तांब्या आणा. पाटील अडवतील, कदाचित दगड येतील, ते मी लपवत नाही.

आजपर्यंत दोन माणसं ठरली आहेत. एक मी, एक माझी आई. तिसरे तुम्ही या.