शेवटच्या वेढ्याआधी

आमच्या वर्कशॉपमधलं संगणकावर चालणारं सीएनसी मशीन अॅल्युमिनियमच्या चकतीत गोगलगायीच्या शंखासारखी खाच कापतं, मधून बाहेर उलगडत जाणारी. शेवटच्या वेढ्याआधी ते आपोआप थांबतं आणि वरचा दिवा पिवळा होतो. हा थांबा आधी हे मशीन चालवणाऱ्या दत्ताभाऊंनी प्रोग्रॅममध्ये घातलेला. मशीनचं दार सरकवून ते हवेच्या झोताने धातूचा कीस उडवायचे, खाचेवरून बोट फिरवायचे आणि मगच हिरवं बटण दाबायचे. दत्ताभाऊंना जाऊन आता वर्ष होत आलं. मशीन अजून थांबतं.

“सर, ती थांबायची ओळ काढून टाकू का?” आता मशीन चालवणाऱ्या वैशालीने काल विचारलं. “माप तर बरोबर येतंय.”

“राहू दे,” मी म्हणालो.

खरं तर मशीनला वळण ठाऊकच नसतं. आपण एकामागून एक बिंदू देतो आणि ते बारीक बारीक तुकड्यांनी सरळच जात राहतं. तरी फिरून त्याच बाजूला येतं, फक्त दर वेळी थोडं लांबून. माणूस गेल्यावर दिवसही असेच त्याच्यापासून लांब लांब जात राहतील, असं मला वाटलं होतं.

आज दिवा पिवळा झाला तेव्हा वैशाली जेवायला गेली होती. मी दार सरकवलं, कीस उडवला आणि खाचेवर बोट ठेवलं. धातू कोमट होता, नुकतंच कुणी हात फिरवून गेल्यासारखा.